कुणी विचारलं म्हणून सुचलं

(सामुदायिक रेडिओवर महिला गटांसाठी झालेलं भाषण)



गटाची बैठक संपली, हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, की आम्ही अर्धा तास जास्तीचा बसतो. या अर्ध्या तासात गोष्टी आणि कविता करायच्या, असं आम्ही ठरवलं होतं. पहिल्या दिवशी प्रत्येकीला कोरा कागद दिला आणि सांगितलं, "लिहा." पंधरा मिनिटं झाली, कोणी बोलेना. कोणी पेनाचं टोपण काढत होतं, लावत होतं. कोणी कागदाची घडी घालत होतं. शेवटी एक काकू म्हणाल्या, "मले काही सुचत नाही वं बाई. आपल्याले कुठं कविता येते? ते शिकल्यासवरल्या लोकाइचं काम."

त्याच काकू घरी जाताना आपली शेळी कशी हरवली आणि कशी सापडली ते सांगायला लागल्या. इतकं रंगवून सांगितलं, की आम्ही भर उन्हात फाट्यावर उभ्या राहून ऐकलं. तेव्हा आमच्या लक्षात आलं, की काकूंना सुचत होतं. फक्त कोऱ्या कागदापुढे सुचत नव्हतं. कागद काही विचारत नाही. वाटेत मात्र आम्ही दर वाक्याला विचारत होतो, "मग काय झालं वं?"

आपल्या वऱ्हाडातल्या बायांना आजवर गाणी, ओव्या, गोष्टी कशा सुचल्या, याचा आम्ही मग मागोवा घेतला. तो इतिहास आज सांगायचा आहे. त्यातूनच आम्हाला काही खेळ सापडले. तेही सांगू, म्हणजे तुमच्या गटात तुम्हाला खेळता येतील.

रिद्धपूरचं लग्न

अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि मराठी भाषेचं विद्यापीठही याच रिद्धपुरात सुरू झालं. हा मान त्या गावाला उगाच मिळाला नाही. सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वी तिथे गोविंदप्रभू राहत होते. लोक त्यांना गुंडम राऊळ म्हणत. महानुभाव पंथाचे चक्रधर स्वामी त्यांना गुरू मानत. गोविंदप्रभूंचं वागणं जगावेगळं होतं. कोणाच्याही घरात शिरावं, लहान मुलासारखं खेळावं, मनात येईल ते करावं.

त्यांच्या सेवेत जी मंडळी होती, त्यांत महदाइसा होती. तिला महदंबाही म्हणतात. तिला लहानपणीच वैधव्य आलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपण पुन्हा तिच्याकडे येणार आहोत. 'लीळाचरित्रा'त ही बाई सारखी प्रश्न विचारताना दिसते. हे असं का, ते तसं का, याचा अर्थ काय.

१२८६-८७ च्या सुमाराची गोष्ट. गोविंदप्रभूंच्या मनात आलं, आपलं लग्न व्हावं. भक्तांनी लग्नाचा खेळ मांडला. लग्न म्हटलं की गाणी आलीच. लग्नात गायच्या गाण्यांना तेव्हा धवळे म्हणत. गोविंदप्रभूंनी महदाइसेला सांगितलं, धवळे गा. आणि तिने तिथल्या तिथे कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचून गायले. त्याचा पुढचा भाग तिने नंतर रचला. सगळे मिळून सुमारे दीडशे धवळे होतात. त्यांच्यामुळे महदाइसेला मराठीतली आद्य कवयित्री म्हणतात.

आता बघा, तिला सुचायला काय काय कामी आलं. कोणीतरी तिला गायला सांगितलं. लग्नाचं निमित्त होतं. धवळ्याची चाल सगळ्यांच्या कानातली होती. आणि रुक्मिणीची गोष्ट तर घरचीच. तिवसा तालुक्यातलं वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर मानतात. तिथून आजही आषाढीला रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते. महदाइसेला नवीन गोष्ट शोधावी लागली नाही. ठाऊक असलेलीच गोष्ट तिने आपल्या तोंडाने सांगितली.

यावरून आमचा पहिला खेळ निघाला. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट घ्यायची आणि तिच्यातल्या, ज्याला कोणी काही विचारलं नाही, अशा माणसाला बोलतं करायचं. रुक्मिणीने कृष्णाला निरोप पाठवला हे आपण कीर्तनात ऐकतो. पण द्वारकेला गेल्यावर तिने आईला काय निरोप धाडला असेल? आम्ही हा प्रश्न टाकला आणि पाच मिनिटं दिली. एकीने सांगितलं, "माय, इथं मोठा समुद्र हाये, पण पाणी खारं हाये. कोणी येत असन तं वर्धेचं पाणी धाड." सगळ्या गप्प झाल्या. जिने हे सांगितलं ती स्वतः लांबच्या गावाहून इथे दिलेली. ती रुक्मिणीचं सांगत होती आणि स्वतःचंही.

महदाइसेची आणखी एक रचना आहे, 'मातृकी रुक्मिणी स्वयंवर'. मातृका म्हणजे अक्षरमाळा. अक्षरांच्या आधाराने ओव्या रचायच्या, अशी ती रीत. पुढचं अक्षर कोणतं हे ठरलेलं असतं, म्हणून सुरुवात कुठून करू हा घोर उरत नाही. आमच्यातल्या कितीतरी जणी गटात आल्यावर सही शिकल्या. त्यामुळे आम्ही अक्षरमाळेऐवजी स्वतःच्या नावाची अक्षरं घेतो. एकेका अक्षरावरून घरातला किंवा शेतातला एकेक शब्द काढायचा आणि ते शब्द जोडून चार ओळी करायच्या. जिला फक्त सही येते, तिलाही हा खेळ जमतो. शब्द तिने सांगायचे, शेजारणीने लिहायचे.

एक प्रसंग, दोन तोंडं

रिद्धपुरातच 'लीळाचरित्र' तयार झालं, १२७८ च्या सुमारास. चक्रधर स्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करायचं मनावर घेतलं. ज्याने ज्याने स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्याच्याकडे ते गेले. कुठे भेटले, काय बोलले, तेव्हा कोण होतं, असं विचारत हिंडले. त्यांत बायाही होत्या. स्वामींनी दिलेले साधे दृष्टांत, कोणाचं रुसणं, कोणाचा स्वयंपाक, सगळं त्या ग्रंथात आलं. पुढे धामधुमीच्या काळात मूळ पोथी हरवली आणि ज्यांना पाठ होतं त्यांच्या आठवणीतून ती पुन्हा लिहावी लागली. त्यातल्या एका पाठाला हिराइसा या बाईचं नाव आहे.

याच पंथातली आणखी एक हकिगत सांगतात. चक्रधरांच्या मागे पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी आपल्या विद्वान शिष्याला संस्कृतात लिहू नको असं बजावलं. का, तर म्हाताऱ्या बायांना ते कळणार नाही. पंडितांपेक्षा म्हाताऱ्यांची काळजी त्यांना जास्त होती. म्हणून आमच्या गटात नियम आहे, की वऱ्हाडीत सुचलं तर वऱ्हाडीतच लिहायचं. 'मले'चं 'मला' करत बसायचं नाही. शुद्ध लिहायच्या धाकानेच निम्म्या गोष्टी तोंडातल्या तोंडात राहतात.

म्हाइंभटांवरून घेतलेला खेळ असा. गावात घडलेला एक प्रसंग निवडायचा. पहिल्यांदा नळाला पाणी आलं तो दिवस घ्या, नाहीतर पूर आला ती रात्र. दोघींनी तो वेगवेगळा सांगायचा. एकीने सांगताना दुसरीने टोकायचं नाही, "असं नव्हतं वं" म्हणायचं नाही. मग दोन्ही शेजारी शेजारी लिहायचे. आमच्याकडे नळाचा प्रसंग निघाला. सासू म्हणाली, हंड्याचं ओझं गेलं. सून म्हणाली, विहिरीवरचं बोलणं गेलं. दोघी एकाच घरातल्या आणि दोघी खऱ्या. गोष्ट तिथेच सुरू होते.

जातं आणि भुलाबाई

आपल्या आज्यांनी पोथी लिहिली नाही. त्यांची ओवी जात्यावर झाली. पहाटे अंधारात उठायचं, समोरासमोर बसायचं, खुंटा धरायचा, मूठ-मूठ ज्वारी जात्याच्या तोंडात टाकायची. एकीने ओळ धरली की दुसरीने ती पुरी करायची. हात फिरत असायचे आणि घर झोपेत असायचं, म्हणून तिथे मनातलं बोलता यायचं. पहिली ओवी देवाला, मग आईबापाला, मग भावाला. दर ओवीत कोणाला तरी हाक असायची. दुसऱ्या कोणाशी बोलायची सोय नव्हती, तिथे बाई जात्याशी बोलायची.

मग गावोगाव पिठाची गिरणी आली. हाताचे घट्टे गेले, ते बरंच झालं. पण ओवी म्हणायची जागाही त्याबरोबर गेली. सुदैवाने काही लोकांनी वेळेवर ओव्या लिहून घेतल्या. साने गुरुजींनी बायांच्या ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' हे पुस्तक केलं. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी गावागावांतल्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. एक लाख! आणि आपण म्हणतो, बायांना सुचत नाही.

जात्यावरचा खेळ अगदी सोपा आहे. लिहायला बसण्याआधी ठरवायचं, मी हे कोणाला सांगते आहे? भावाला, मेलेल्या आईला, शाळेत गेलेल्या लेकीला, की गोठ्यातल्या गाईला? पहिल्या ओळीत त्याला हाक मारायची. हाक मारली की पुढचं वाक्य आपोआप येतं. आणि हात रिकामे ठेवायचे नाहीत. तूर निवडा, वाती करा. हात कामात असले की जीभ मोकळी होते, हे आज्यांना माहीत होतं.

लहान मुलींची शाळा होती भुलाबाईची. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मातीचे भुलोबा-भुलाबाई मांडायचे, घरोघरी जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणायची. ती गाणी आठवून बघा. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू अट घालते. ती पुरी केली की दुसरी अट, मग तिसरी. वेल लावण्यापासून भाजी खाऊन होईपर्यंत गाणं लांबत जातं. प्रत्येक उत्तरातून नवा प्रश्न निघतो, हीच त्या गाण्याची युक्ती. त्या युक्तीत दहा वर्षांची पोर सासरचा अडवणुकीचा कारभार हसत-हसत शिकून घ्यायची, आणि गाणं लांबवायलाही शिकायची.

तोच आमचा साखळीचा खेळ. पहिली म्हणते, "मले बाजारात जायचं हाये." दुसरी अट घालते, "आधी ढोराइले पाणी पाज." तिसरी त्यात अडचण काढते, चौथी वाट काढते. वर्तुळ पुरं होईपर्यंत गोष्ट तयार झालेली असते. आणि ती कोणा एकीची नसते, म्हणून लाजायचं कारण राहत नाही.

भुलाबाईची खिरापतही विसरू नका. डबा झाकलेला असायचा. मुलींनी तो हलवायचा, वास घ्यायचा, आत काय आहे ते ओळखायचं. आम्ही कापडी पिशवीत चार वस्तू टाकतो. एक चिंचोका, एक जुनी किल्ली, कपाशीचं वाळलेलं बोंड, बाळाचं टोपडं. न बघता हात घालायचा. हाताला जे लागेल त्यावरून काय आठवलं, ते सांगायचं. वस्तूचं वर्णन करायचं नाही, आठवण सांगायची. किल्ली हाताला लागली तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "हे आमच्या जुन्या घराची वाटते. घर इकलं, पण किल्ली मायनं ठेवली होती." तिची गोष्ट दोन बैठका चालली.

गाडगेबाबांचा प्रश्न

प्रश्न विचारून माणसाला बोलतं करणारा आपल्या मातीतला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे गाडगेबाबा. १८७६ मध्ये अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावला जन्म, आणि १९५६ मध्ये अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर देहान्त. शाळा शिकले नाहीत. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं. ते कीर्तन म्हणजे लोकांशी सवाल-जवाबच. बाबा विचारत, लोक उत्तर देत, त्या उत्तरावर बाबा पुढचा प्रश्न टाकत. कर्ज, दारू, नवसाचं बकरं, पोरांची शाळा, हे सारे विषय लोकांच्याच तोंडून बाहेर यायचे. उपदेश ऐकून माणूस झोपतो. प्रश्न विचारला की जागा होतो.

म्हणून आम्ही एक वस्तू मध्ये ठेवतो, बहुतेक वेळा सूप किंवा विळा, आणि तिला दहा प्रश्न विचारतो. तुला कोणी केलं? किती हात फिरले तुझ्यावरून? कोणाचा राग आला? काय पाहिलं, जे घरातल्या माणसांनी पाहिलं नाही? एकीने सूप व्हायचं आणि उत्तरं द्यायची. पहिले चार प्रश्न हसण्यात जातात. पाचव्या-सहाव्याला सूप खरं बोलायला लागतं.

पाणी आणायला उठलेली मैत्रीण

आता आमची एक चूक सांगतो.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही उखाण्यांचा खेळ ठेवला. उखाणा या शब्दाचा जुना अर्थ कोडं. पुढे नवऱ्याचं नाव यमकात घ्यायचं, तो उखाणा झाला. चार शब्दांत यमक जुळवायचं, त्यात गाव आणायचं, पीक आणायचं, थोडी थट्टा करायची. कविता शिकायला याहून चांगला खेळ नाही, असं आम्हाला वाटलं. एकेक जण उठून नाव घेत होती, हशा चालला होता. तेवढ्यात आमच्यातली एक मैत्रीण "पाणी आणते" म्हणून उठली. आत गेली ती खेळ संपेपर्यंत बाहेर आली नाही.

तिचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला. आपल्या भागात अशी घरं थोडी नाहीत. आम्ही तिला "ऊठ" म्हटलं नव्हतं. पण "बस" असंही कोणी म्हटलं नव्हतं. खेळच असा होता, की त्यात तिला जागा नव्हती, आणि हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नाही. गटाचा हिशेब तीच ठेवते, गटाच्या कर्जाला बँकेत तीच जाते, आणि तिला पाण्याच्या निमित्ताने उठावं लागलं.

त्या रात्री आम्हाला महदाइसा आठवली. ती पण विधवाच. लग्नाची गाणी सवाष्णींनी म्हणायची, ही आपल्याकडची रीत. तरी रिद्धपूरच्या त्या लग्नात धवळे गायला महदाइसेला सांगितलं गेलं. तिला कोणी मागे बसवलं असतं, तर मराठीतल्या पहिल्या कवयित्रीचं नाव आज आपल्याला माहीत नसतं. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या अपमानाच्या प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा सगळीकडे त्याचं कौतुक झालं. आणि आमच्या स्वतःच्या सतरंजीवर आम्ही काय केलं?

आम्ही नियम बदलला. आता उखाण्यात स्वतःचं नाव घ्यायचं. हवं तर आईचं, लेकीचं, मैत्रिणीचं घ्या, बैलाचंही चालेल. नवऱ्याचं घ्यायला बंदी नाही, सक्ती नाही. पुढच्या बैठकीत आम्ही त्या मैत्रिणीला आधी विचारलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली,

"कपाशीच्या बोंडामंधी सरकी राहते लपून,
माहं नाव मीच घेईन, ठेवलं होतं जपून."

आणि तिने आपलं नाव घेतलं, माहेरचं पुरं नाव. शेळीवाल्या काकूंनी डोळ्याला पदर लावला.

नाव घालून लिहा

मैत्रिणींनो, एवढ्या इतिहासातून आम्हाला एकच गोष्ट कळली. सुचणं ही कोणाची इस्टेट नाही. ज्याला कोणी विचारतं, त्याला सुचतं. बायांना सुचत नाही असं जिथे वाटतं, तिथे बहुतेक त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

आणि सुचलेलं टिकतं ते कोणी लिहून घेतलं तर. शेजारच्या खानदेशात बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. घरात, शेतात काम करताना त्या रचत. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी ते उतरवून घेतलं, म्हणून त्या गेल्यावर १९५२ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. जात्यावरच्या कितीतरी ओव्या मात्र कोणी रचल्या ते कळायला आता मार्ग नाही. तुमच्या आजीचं नावही त्यांत असेल.

तर या आठवड्याला एवढं करा. गटाची एक जाड वही करा, हिशेबाच्या वहीपेक्षा वेगळी. बैठकीत एक खेळ घ्या, कोणताही. जिला लिहिता येतं तिने लिहून घ्यायचं. ओळीखाली सांगणारीचं पुरं नाव, गाव आणि तारीख टाकायची. आणि सुरुवात करताना आधी तिला विचारायचं, जी सगळ्यात मागे, दाराजवळ बसली आहे.

तिने "मले काही सुचत नाही" म्हटलं, तर थांबा. थोड्या वेळाने फक्त एवढं विचारा, "मग काय झालं वं?"

पुढच्या वेळी भेटू तेव्हा तुमच्या वहीतलं ऐकायला आम्ही बसलो आहोत. येतो, नमस्कार.